हालश्टाट: तळ्याकाठचं गाव आणि खाणीतल्या माणसाची नोंदवही

हालश्टाटचा फोटो तुम्ही पाहिलेला असणार, नाव माहीत नसलं तरी. डोंगराला चिकटून उभी लाकडी घरं, चर्चचा निमुळता मनोरा, खाली तळ्याचं काळंशार पाणी. ऑस्ट्रियातलं जेमतेम आठशे वस्तीचं हे गाव. चीनमध्ये ग्वांगदोंग प्रांतात २०१२ साली याची अख्खी नक्कल उभी राहिली. खऱ्या गावात सेल्फीवाल्यांची गर्दी इतकी वाढली की २०२३ मध्ये फोटोच्या जागेवर चक्क लाकडी आडोसा उभारला गेला, आणि ओरड झाल्यावर काढलाही.

पण आपल्याला हे गाव दुसऱ्याच कारणासाठी माहीत हवं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून जसं 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं, तसं मध्य युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे साधारण इ.स.पू. ८०० ते ४५० या काळाला, 'हालश्टाट' म्हणतात. हान्स हिल्डेब्रांड या स्वीडिश अभ्यासकाने १८७४ मध्ये ही विभागणी मांडली. (त्याच्या पुढच्या टप्प्याचं नाव 'ला तेन'. तेही तळ्याकाठचंच ठिकाण, स्वित्झर्लंडमधलं.)

एवढ्याशा गावाला हा मान मिळाला तो मिठामुळे. गावाच्या वरच्या डोंगरात मिठाची खाण आहे आणि ती कांस्ययुगापासून खोदली जातेय. आपण लोणच्यात मीठ का घालतो? तेच इथे झालं. एरवी कुजून जाणारं सगळं, म्हणजे लाकूड, चामडं, कापड, दोर, मिठात तसंच राहिलं. २००३ मध्ये खाणीत एक लाकडी जिना सापडला. झाडाच्या वाढीच्या कड्या मोजून त्याचं वय काढलं, तर लाकूड तोडल्याचं वर्ष निघालं इ.स.पू. १३४४ च्या आसपासचं. इतकंच काय, खाणकामगारांची विष्ठाही टिकली. २०२१ मध्ये तिच्यातला डीएनए तपासला गेला आणि लोहयुगातल्या एका नमुन्यात ब्लू चीजची बुरशी आणि बिअरचं यीस्ट मिळालं. विज्ञान शाखेतून इतिहासाकडे वळावं की नाही असा प्रश्न कोणाला पडला असेल, तर हा पेपर वाचाच.

आता दोन प्रसंग शेजारी ठेवून बघा.

१७३४ साली खाणीत एका प्राचीन कामगाराचं प्रेत सापडलं. पूर्वी कधीतरी दरड कोसळून तो अडकला असावा. प्रेत मिठात पार रुतलेलं होतं. लोकांनी माणुसकीने त्याला मूठमाती दिली. मिठाने राखून ठेवलेला तो माणूस साध्या मातीत गेला आणि आपल्या हाती उरल्या त्रोटक नोंदी.

१८४६ मध्ये खाणीचा अधिकारी योहान गेओर्ग रामझाउअर याला खाणीजवळच्या उंच दरीत जुनी थडगी लागली. तो काही पुरातत्त्वज्ञ नव्हता. त्या काळी थडगं उकरायचं म्हणजे चांगल्या वस्तू उचलायच्या आणि बाकीचं फेकायचं, अशीच पद्धत होती. रामझाउअरने १८६३ पर्यंत ९८० थडगी उघडली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. सांगाडा कसा पडलाय, की राख आहे, कुठली वस्तू शरीराच्या कुठल्या बाजूला आहे, हे लिहून घेतलं. खाणीतलाच सहकारी इझिडोर एंगल याने थडग्यांची जलरंगात चित्रं काढली. वस्तू निघाल्या १९,००० हून जास्त. पण माझ्या मते खरा खजिना म्हणजे 'अमुक वस्तू अमुक थडग्यातली' ही जोडणी. ती तुटली असती तर उरलं असतं नुसतं सुंदर भंगार. जोडणी टिकली म्हणूनच पुढच्या लोकांना कुठल्या वस्तू एकत्र येतात, जुनं कोणतं, नवं कोणतं, हे मांडता आलं.

अर्थात त्यातही गोची आहे. नोंदींच्या अनेक हस्तलिखित प्रती आहेत आणि त्या एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. दुसरं, हाडं त्याने फारशी राखली नाहीत. थडग्यांमधली कांस्याची भांडी, तलवारी, अंबर पाहून इथे श्रीमंत लोक पुरलेत हे उघड होतं. पण ही माणसं आयुष्यभर करत काय होती? त्याचं उत्तर नंतरच्या उत्खननांत मिळालेल्या हाडांनी दिलं. स्नायू जिथे हाडाला जोडले जातात तिथल्या खुणा व्हिएन्नाच्या डोरिस पानी यांनी तपासल्या. पुरुषांच्या खुणा घाव घालण्याच्या होत्या, बायकांच्या ओझी वाहण्याच्या. म्हणजे मौल्यवान वस्तूंसोबत पुरलेली ही माणसं बसून खाणारी नव्हती. सिनॉप्सिस लिहिताना हे ध्यानात ठेवा: रामझाउअरने वस्तू जपल्या, म्हणून वस्तूंचे प्रश्न सुटले. जे जपलंच नाही, त्याबद्दल त्याच्या वहीला विचारता येत नाही.

गावात गेलात तर चर्चमागच्या छोट्या चॅपेलमधलं अस्थिघर चुकवू नका. डोंगर आणि तळं यांच्या मध्ये दफनभूमीला जागाच नाही, म्हणून काही वर्षांनी कबर उघडून कवटी काढायची, उन्हात शुभ्र करायची, तिच्यावर फुलं-पानं रंगवायची आणि नाव घालायचं अशी इथली रीत. सुमारे १,२०० कवट्यांपैकी ६०० हून अधिक रंगवलेल्या आहेत. घरच्यांनी हे मायेपोटी केलं. पण कवटीवर नाव आहे आणि चर्चच्या दप्तरात जन्म-लग्नाच्या नोंदी आहेत, म्हटल्यावर वंशावळी जुळवता आल्या. टॉर्स्टाइन श्योवोल्ड आणि त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी त्यावरून कवटीची कोणती मापं किती प्रमाणात आनुवंशिक असतात याचा हिशेब मांडला. नावासकट इतक्या कवट्या जगात फार कमी ठिकाणी मिळतात. इथली शेवटची कवटी १९८३ मध्ये वारलेल्या एका बाईंची. त्यांच्याच इच्छेनुसार ती १९९५ साली इथे ठेवली गेली. तिच्यात सोन्याचा दात अजून आहे.