पिशवीवरच्या सुरकुत्या

प्लॅस्टिकच्या पिशवीत थोडे पाणी घ्या, तोंड घट्ट बांधा आणि ती उभी धरा. पाणी तळाशी जमते, वरचा भाग चुरगळतो. पिशवी पूर्ण भरली तर सुरकुत्या जातात, पण ती टणक होते. कृत्रिम स्तनरोपणाच्या इतिहासातला एक पेच या प्रयोगात दिसतो.

१९६२ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन व फ्रँक जेरो या शल्यचिकित्सकांनी सिलिकोन जेलची पिशवी प्रथम रोपली. तिचे आवरण जाड होते. स्पर्श नैसर्गिक वाटावा म्हणून १९७० च्या दशकात आवरण पातळ आणि जेल मऊ केले गेले. मग जेल पाझरू लागले. १९९२ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने जेलवर कडक निर्बंध घातले. मिठाच्या पाण्याच्या पिशव्या वाढल्या, तशा सुरकुत्याही. कर्करोगामुळे स्तन काढलेल्या स्त्रियांमध्ये वरचे आच्छादन पातळ असते, त्यामुळे आतल्या घड्या त्वचेवर उमटतात.

हा प्रश्न केवळ दिसण्याचा नाही. एकाच घडीवर वारंवार वाकल्याने आवरण झिजून फुटू शकते.

२००६ मध्ये जेलला पुन्हा व्यापक परवानगी मिळाली. आज अधिक घट्ट जेल वापरतात, पिशवी छातीच्या स्नायूखाली ठेवतात किंवा पोटा-मांडीची चरबी तिच्यावर भरतात. मात्र स्नायू सगळी पिशवी झाकत नाही, भरलेली काही चरबी शरीर शोषून घेते आणि घट्ट जेल हाताला कडक लागते. मऊपणा आणि टिकाऊपणा यांतली निवड अजून सुटलेली नाही. म्हणूनच ती करण्यापूर्वी स्त्रीला हे सारे सांगितले गेले पाहिजे.