माळवद, गवंडी आणि घरधनी

घराची डागडुजी आपण स्वतः करावी की जाणत्या कारागिराच्या हाती सोपवावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ पैशाचा वाटतो. लातूर-नांदेडकडील आपल्या कुटुंबांनी मात्र त्याचे उत्तर इतिहासात शोधले पाहिजे, असे आम्हांला वाटते. कारण या भूमीने त्या प्रश्नाची फार मोठी किंमत एकदा मोजली आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती. गणेशविसर्जन आटोपून गावे झोपली असताना पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. १९८९ साली कॅलिफोर्नियात झालेला लोमा प्रिएटाचा भूकंप याहून पुष्कळ मोठा, म्हणजे ६.९ तीव्रतेचा होता. तेथे ६३ माणसे दगावली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्यांतील बहुतेकांचा जीव त्यांच्या स्वतःच्या घराखालीच गेला.

ही घरे कच्ची दिसत नव्हती. दोन-तीन फूट, काही ठिकाणी त्याहूनही रुंद दगडी भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया आणि वर मातीचे माळवद असा थाट. उन्हाळ्यात गारवा देणारे आणि अंगणातून पाहणाऱ्याला किल्ल्यासारखे भासणारे हे घर होते. दोष आत होता. भिंतीचे आतले आणि बाहेरचे असे दोन थर मातीत रचलेले असत आणि मधली पोकळी दगडगोट्यांनी भरलेली असे. दोन्ही थरांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा घातलेलेच नसत. भूमी हलताच थर एकमेकांपासून सुटले आणि भिंत फुगून कोसळली. ही गवंड्याच्या कामातील उणीव होती.

दुसरी उणीव घरधन्याच्या हातून घडली होती. माळवद गळू लागले की पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर टाकायचा, ही घरोघरची रीत. घरच्या माणसांनी, घरच्या घरी, एकही पैसा न खर्चता केलेली ही दुरुस्ती. पिढ्यान् पिढ्या थरावर थर चढत गेले आणि कित्येक माळवदे दोन फूट जाडीची झाली. दोन फूट माती म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे एक टन ओझे. गळती थांबली, पण निजलेल्या लेकराबाळांच्या डोक्यावरचा भार दरवर्षी वाढत गेला. तेव्हा किल्लारीचा दोष एकट्या कारागिरावर टाकता येत नाही आणि एकट्या घरधन्यावरही नाही.

त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने महाराष्ट्र शासनाने जो पुनर्वसन कार्यक्रम हाती घेतला, त्यात घरबांधणीच्या दोन निराळ्या वाटा शेजारी शेजारी चालल्या. पूर्णपणे उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. तेथील पंचवीस हजारांहून अधिक घरे ठेकेदारांनी आणि सेवाभावी संस्थांनी बांधली. जमिनीच्या धारणेनुसार २५०, ४०० किंवा ७५० चौरस फुटांचे घर मिळाले. घरे मजबूत होती, रस्ते सरळ होते. परंतु बैल कोठे बांधावा, कडबा कोठे रचावा, भाऊबंदांची दारे समोरासमोर कशी यावीत, हे आराखडा करणाऱ्याला कोण सांगणार? पुढे अनेक ठिकाणी लोकांनी त्या भक्कम घरांना जुन्या गावच्या दगडमातीचे आडोसे स्वतःच जोडले. ज्या बांधणीने घात केला होता, तीच पुन्हा अंगणात आली.

दुसरी वाट कमी नुकसान झालेल्या घरांची होती. तेरा जिल्ह्यांतील दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण घरमालकांनीच करावयाचे होते. शासनाने हप्त्याहप्त्याने पैसे दिले, गवंड्यांना शिक्षण दिले आणि अभियंत्याने काम पाहिल्यावरच पुढचा हप्ता मिळेल अशी व्यवस्था केली. माळवदावरील माती कमी करणे, भिंतीत आरपार दगड बसवणे, दारे-खिडक्यांच्या वरून सिमेंट-काँक्रीटचा अखंड पट्टा फिरवणे, खांब आणि तुळई यांना तिरकस आधाराने जोडणे, अशी ती कामे होती. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. शासनाची योजना घरोघर समजावणे आणि घरच्यांची अडचण अभियंत्यापर्यंत नेणे हे त्यांचे काम होते. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरले, तेव्हा या भागातील स्त्रिया आपला अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या. तेथेही बहुतेक घरे मालकांनीच तांत्रिक देखरेखीखाली उभी केली.

या इतिहासातून आम्हांला जे दिसते ते असे. घर कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार घरात राहणाऱ्याचा. ते उभे कसे राहील हे सांगण्याचा अधिकार जाणत्याचा. चुना-रंग, फरशीची दुरुस्ती, पागोळ्यांचे पाणी पायापासून दूर नेणे ही कामे घरच्यांनी खुशाल करावीत. त्यात बचत आहे आणि आनंदही आहे. परंतु भिंत फोडून दार काढणे, खांब हलवणे, वर मजला चढवणे, गच्चीवर पाण्याची मोठी टाकी ठेवणे, या कामांपूर्वी अभियंत्याचा सल्ला घ्यावाच. आणि काम ठेकेदाराला दिले, तरी घरच्या कोणीतरी रोज समोर उभे राहून पाहावे.

हा विषय जुना झाला असे कोणी समजू नये. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला, तो नांदेडकरांनाही जाणवला. लातूर तर २००२ च्या सुधारित भूकंप-नकाशात वरच्या, म्हणजे तिसऱ्या विभागात गेले होते.

प्रभू येशूने खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दृष्टान्त दिला, तसाच बुरूज बांधण्यापूर्वी बसून हिशेब करणाऱ्याचाही दिला. आपण पहिला नेहमी आठवतो, दुसरा विसरतो. संत योसेफ स्वतः सुतार होते. १९५५ साली पोप पायस बारावे यांनी १ मे हा दिवस श्रमिक संत योसेफ यांच्या सणासाठी नेमून दिला. आपल्याकडे घरांची डागडुजीही याच सुमारास, पावसाळ्याच्या तोंडावर निघते. त्या सणाच्या निमित्ताने प्रत्येक धर्मग्रामाने एखादा अभियंता आणि एखादा अनुभवी गवंडी बोलावून कुटुंबांना आपापली घरे दाखवण्याची सोय केली, तर किल्लारीच्या मृतांसाठी आपण करतो त्या प्रार्थनेला कृतीची जोड मिळेल.