दात्रकोशिका पांडुरोग : विदर्भातील इतिहास

तांबड्या रक्तकोशिकांतील हीमोग्लोबिनाच्या जन्मजात दोषामुळे होणारा आनुवंशिक रोग. विदर्भात तो ‘सिकलसेल’ या नावाने परिचित आहे. ऑक्सिजन कमी पडताच सदोष हीमोग्लोबिनाचे रेणू परस्परांना चिकटून तंतू बनतात व कोशिकेला दात्राचा म्हणजे विळ्याचा आकार येतो. अशा ताठर कोशिका सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. त्यामुळे विकृती रक्तात असली, तरी तिचे परिणाम प्लीहा, हाडे, फुप्फुसे, वृक्क, मेंदू व डोळ्यांतील जालपटल यांवर होतात. सांधे दुखल्यास संधिवात, तर डोळे पिवळे झाल्यास यकृताची कावीळ असा समज होऊ शकतो. रोग उशिरा ओळखला जाण्याचे हे एक कारण होय.

विळ्याच्या आकाराच्या कोशिकांचे पहिले प्रसिद्ध वर्णन शिकागो येथील वैद्य जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी दोष हीमोग्लोबिनाच्या रेणूत असल्याचे दाखविले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो एकाच ॲमिनो अम्लाच्या बदलामुळे असल्याचे सिद्ध केले (१९५७).

हा रोग मुख्यत्वे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा मानला जाई. १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत व आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत दात्रकोशिका आढळल्या. १९५८ मध्ये शुक्ल व सोलंकी यांनी मध्य भारतातील आढळ ‘लॅन्सेट’मध्ये नोंदविला आणि नागपूर परिसर या रोगाच्या नकाशावर आला. १९८६ मध्ये जनुकीय अभ्यासातून भारत व पूर्व सौदी अरेबिया यांतील उत्परिवर्तन आफ्रिकेतील उत्परिवर्तनांहून स्वतंत्रपणे उद्‌भवल्याचे दिसून आले. भारतीय रुग्णांत गर्भीय हीमोग्लोबिन अधिक असल्याने रोग सौम्य असतो, असे मानले जात असे. परंतु विदर्भातील अनेक रुग्णांत तो तीव्र आढळतो.

विदर्भात अनुसूचित जाती-जमातींत व इतर काही समाजांत हा रोग दिसतो. सदोष जनुक एकाच पालकाकडून आल्यास व्यक्ती केवळ वाहक असते व ती सामान्यतः निरोगी राहते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला रोग होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून विवाहापूर्वी रक्ततपासणी व समुपदेशन यांना महत्त्व आहे; मात्र वाहकत्व हा कलंक मानल्यास तपासणी टाळली जाते व मूळ हेतूच विफल होतो. हायड्रॉक्सियुरियाने वेदनांचे झटके कमी होतात. १ जुलै २०२३ रोजी शहडोल (मध्य प्रदेश) येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचे २०४७ पर्यंत रोगनिर्मूलनाचे उद्दिष्ट आहे.