नौकेतील आसनाची उंची : भोपाळचा तलाव व सहस्रधारा

भोपाळची ओळख सांगावयाची तर प्रथम तेथील मोठ्या तलावाची सांगावी लागते. परमार राजा भोज याने अकराव्या शतकात हा तलाव बांधविला, अशी परंपरा आहे. शहरापासून काही कोसांवर भोजपूरचे अपुरे राहिलेले शिवमंदिर त्याच्याच नावाशी निगडित आहे. ‘युक्तिकल्पतरु’ हा संस्कृत ग्रंथही भोजाचाच मानला जातो. त्यात नौकांचे प्रकार व मापे दिली आहेत. ‘क्षुद्रा’ ही सर्वांत लहान नौका. लांबी १६ हात, रुंदी ४ हात आणि उंची ४ हात. भीमा, भया व गर्भरा या तीन नौका मात्र ग्रंथकाराने अशुभ ठरविल्या. १९१२ साली भारतीय नौकानयनाचा इतिहास लिहिताना राधाकुमुद मुखर्जी यांनी असा तर्क केला, की त्या मापांच्या नौका पाण्यावर समतोल राहत नसाव्यात. अशुभ या एका शब्दात कित्येकदा बुडालेल्यांचा अनुभव साठविलेला असतो.

तोच अनुभव आज कनू नावाच्या चिंचोळ्या होडीत प्रत्ययास येतो. भोपाळच्या संथ तलावावरील शर्यतीत वल्हेकरी एक गुडघा टेकून उंच राहतो, कारण त्याला वल्ह्याचा लांब पल्ला हवा असतो. खळाळत्या प्रवाहात ही ऐट चालत नाही. तेथे दोन्ही गुडघे तळाशी टेकावे लागतात. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी हे फार पूर्वीच जाणले होते. भूर्जसालीच्या होडीत ते तळावर गुडघे टेकून आडव्या दांडीला टेकत. पुढे हौशी नौकाविहार वाढला, तशी बसावयाची फळी आली आणि तिच्याबरोबर उंचीचा प्रश्नही आला.

आसन उंच असले की वल्हे दूरवर पोहोचते, गुडघ्यांना आराम मिळतो. परंतु भार वर चढून होडी कलंडू लागते. आसन खाली घेतले की स्थैर्य लाभते, पण घोटे दबून पाय बधिर होतात. त्याहून मोठा धोका असा, की होडी उलटली असता फळीखाली अडकलेले पाऊल निघत नाही. म्हणून पहिली कसोटी जिवाची : पादत्राणासह पाऊल फळीखालून विनासायास सुटले पाहिजे. ही अट पुरी करणारी सर्वांत कमी उंची प्रथम धरावी, संथ पाण्यात पारखावी, आणि मग गरजेपुरती बोटाबोटाने वाढवावी. मोठ्या पावलाच्या माणसास उंची अधिक लागणार, हे ओघानेच आले. दुसऱ्याचे माप उसने घेऊन भागत नाही.

खळाळत्या पाण्यातील या क्रीडेला १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला. मग मध्ये खंड पडून १९९२ पासून ती पुन्हा सुरू झाली. स्त्रियांच्या कनूस मात्र २०२१ मध्ये टोकियो येथे झालेल्या स्पर्धेपर्यंत थांबावे लागले. आपल्याकडे २०२३ च्या फेब्रुवारीत ‘खेलो इंडिया’ युवा स्पर्धेतील खळाळत्या पाण्याच्या शर्यती महेश्वरजवळ सहस्रधारा येथे झाल्या. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या राजधानीचे हे स्थळ. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नर्मदा अडविली, तेव्हा ती हजार धारांनी वाहिली, अशी आख्यायिका आहे. त्याच सहस्रार्जुनाचा वध करणारा परशुराम आपल्या कोंकणभूमीचा निर्माता मानला जातो, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

बळाच्या गर्वाने नदी अडविणाऱ्याची कथा जेथे सांगतात, तेथेच आजची मुले गुडघे टेकून प्रवाहात उतरतात. मांडवीच्या पात्रात आपला तारीही उतारूस उभे राहू देत नाही. भोजाच्या ग्रंथापासून त्या ताऱ्यापर्यंत शिकवण एकच : पाण्यावर उंच होण्याआधी स्थिर व्हावे, आणि बसण्याआधी सुटण्याची वाट पाहून ठेवावी.