बाळंतिणीचे मन : संप्रेरके आणि घर

1858 साली पॅरिसच्या लुई-व्हिक्तोर मार्से यांनी बाळंतिणींच्या मनोविकारांवर ग्रंथ लिहिला. प्रसूतीनंतर इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन झपाट्याने घसरतात, हे पुढे कळले. 2000 साली अमेरिकी संशोधकांनी बाळंतीण नसलेल्या स्त्रियांत अशी घसरण औषधांनी घडवली. बाळंतपणात पूर्वी नैराश्य भोगलेल्या 8 जणींपैकी 5 खचल्या. न भोगलेल्या 8 पैकी एकही नाही. म्हणजे घसरण सर्वांना, आघात काहींनाच.

त्यात घरही येते. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयातील मातांचा अभ्यास 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे 23 टक्के मातांना नैराश्य होते. गरिबी, नवऱ्याशी बेबनाव आणि मुलगी होणे यांनी धोका वाढला होता.

कामठ्यासारख्या गावात बाळाचे वजन करायला आशाताई 42 दिवसांपर्यंत घरी येते. तेव्हाच आईलाही विचारावे, ‘मन कसे आहे?’