चहा-साखरेची गाडी

मैत्रिणींनो, वाळूत खड्डा खणून पाणी झिरपेपर्यंत वाट पाहणं आपल्यातल्या कित्येकींनी अनुभवलंय. अशा झिऱ्यापासूनच आज आम्ही ऑस्ट्रेलियातल्या एका रेल्वेगावाची गोष्ट सांगणार आहोत. गावाचं नाव कुक.

दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागात नलारबोर नावाचं पठार आहे. या लॅटिन नावाचा अर्थच ‘झाड नाही’. जमीन चुनखडीची. वर्षाकाठी वीस सेंटिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही, आणि पडतो तो खडकाच्या भेगांत गडप होतो. नदी नाही, ओढा नाही. तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. उत्तरेकडून धुळीचे गरम वारे येतात, पारा चाळिशी ओलांडतो. हिवाळ्यात मात्र रात्री कडाक्याच्या.

अशा मुलखातून १९१२ ते १९१७ या काळात पोर्ट ऑगस्टा ते कालगुर्ली हा लोहमार्ग टाकला. त्यातला ४७८ किलोमीटरचा पट्टा नाकासमोर सरळ आहे, एकही वळण नाही. त्याच पट्ट्यावर १९१७ साली कुक वसलं.

वाफेच्या इंजिनाला पाणी पाहिजे, तेही गोडं. इथल्या जमिनीखालचं पाणी खारट. त्यानं बॉयलर खराब व्हायचे. कुकच्या पूर्वेला ऊल्डिया इथं वाळूच्या टेकड्यांत एक जुना झिरा होता. दूरदूरचे मूळ रहिवासी पिढ्यान्‌पिढ्या तिथं पाण्याला येत, भेटत, देवघेव करत. रेल्वेनं तिथं विहिरी आणि बोअर घेतले. वाळूखालचा चिकणमातीचा थर फुटला, गोड्या पाण्यात खारं मिसळलं, आणि १९२६ साली रेल्वेनं ते पाणी सोडून दिलं. गाड्या चालूच राहिल्या. ज्यांचा तो झिरा होता, त्यांचं पाणी मात्र गेलं. रेल्वेच्या कौतुकात ही गोष्ट कोपऱ्यात राहते, म्हणून आम्ही ती आधी सांगितली.

मार्गावरच्या बायकांचा संसार मात्र एका गाडीवर चाले. तिचं नाव ‘टी अँड शुगर’, म्हणजे चहा-साखर! (आपल्याकडे टँकरला असं गोड नाव कुणी देईल का?) ती आठवड्याला यायची. तिच्यात पाणी, किराणा, भाजी आणि चक्क खाटकाचा डबा. सुरुवातीला तर जिवंत मेंढ्या आणून गाडीतच कापत. पगाराचा डबाही हिलाच जोडलेला. बाळांना तपासणारी परिचारिकाही याच गाडीनं यायची. नाताळात लाल डगल्यातला नाताळबाबा डब्यातून उतरायचा, तेव्हा पोरं रुळाकाठी उभीच असायची.

कुकला शाळा, दवाखाना, दुकान, पोहण्याचा तलाव असं सगळं झालं. दवाखाना बंद पडू नये म्हणून, प्रवाशांनो, जरा आजारी पडा, अशी गमतीची पाटीच गावानं लावली होती. १९८२ साली शेकडो झाडं लावली. ‘झाड नाही’ म्हणवणाऱ्या मुलखात!

पण १९५१ पासून डिझेल इंजिनं आली, त्यांना वाटेत पाणी लागेना. लाकडी स्लीपरच्या जागी काँक्रीटचे आले, डागडुजीचे गँगमन कमी झाले. १९९६ साली चहा-साखरेची गाडी थांबली. १९९७ साली रेल्वे खासगी हातात गेली आणि कुक उठलं. शाळा, दवाखाना बंद. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच माणसं तिथं राहतात. पर्यटकांची गाडी थोडा वेळ थांबते, लोक पूर्वीच्या पत्र्याच्या दोन कोठड्यांचे फोटो काढतात. उरलेल्या माणसांना लागणारं पाणी आजही रेल्वेनंच येतं.