कधी उठते, कधी उठत नाही



इतिहासावरचे व्याख्यान म्हटले म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तहनामे उभे राहतात. राजगड, तोरणा आणि रोहिडा ज्या मुलखात आहेत तेथे तर ते साहजिकच आहे. परंतु न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती काही केवळ गतवैभवाचे पोवाडे ऐकविण्यासाठी नव्हे. तेवढा आधार घेऊन मी आज एका अगदी घरगुती अडचणीचा इतिहास सांगणार आहे. लॅपटॉप कधी सुरू होतो आणि कधी होत नाही, ही ती अडचण.

पुणे-सातारा रस्त्यावर खेड शिवापूर आणि नसरापूर यांच्या दरम्यान वरवे बुद्रुक हे गाव लागते. समजा, तेथील एका घरात मुलीने सकाळी लॅपटॉपचे बटण दाबले. बत्ती लागली, पंखा घुमू लागला, पण पडदा काळाच. पुन्हा दाबले, तेच. तिसऱ्या खेपेस यंत्र मुकाट्याने सुरू झाले. दुसरे दोन दिवस काही तक्रार नाही. चौथ्या दिवशी पुन्हा हटून बसले. वडिलांनी ते पिशवीत घातले, कात्रज ओलांडून पुण्याच्या दुकानात नेले, आणि तेथे पहिल्याच बटणाला ते जागे झाले! दुकानदार म्हणतो, "काका, याला काहीच झालेले नाही." काका परत येतात. पुढच्या खेपेस दुकानदार अंदाजाने एखादा भाग बदलतो, पैसे घेतो, आणि आठ दिवसांनी पुन्हा पडदा काळा. परीक्षेचा अर्ज, दूध-डेअरीचा हिशेब, घरातले सारे कागद त्या काळ्या पडद्यामागे अडकलेले असतात.

आपल्याकडे हिवतापाला एकांतरा, तिजारी, चौथरा अशी नावे होती. ताप किती दिवसांनी उलटतो, त्यावरून ती पडली. ताप उतरल्यावर वैद्याकडे गेलेल्या रोग्याची नाडी साफ लागे. म्हणून शहाणा वैद्य नाडीपेक्षा हकिकतीवर भर देई. थंडी कधी भरली, किती वेळ राहिली, घाम केव्हा सुटला? आपला लॅपटॉप हा असाच ताप उतरलेला रोगी आहे. साफ बंद पडलेले यंत्र त्याच्यापेक्षा बरे, कारण त्याचा दोष टेबलावर दुकानदारासमोर हजर असतो.

आता मूळ इतिहासाकडे वळू. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात बांधलेला 'एनिअ‍ॅक' हा प्रचंड संगणक फेब्रुवारी १९४६ मध्ये लोकांपुढे आला. त्यात जुन्या रेडिओत असत तसले सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. चालविणाऱ्यांच्या लवकरच ध्यानात आले की, व्हॉल्व्ह जळतात ते बहुतेक यंत्र चालू किंवा बंद करताना. ऐन कामाच्या मध्यावर क्वचित. तुमच्या माझ्या घरातला जुना तारेचा दिवा आठवा. तो रात्रभर जळे आणि संध्याकाळी बटण दाबताक्षणी 'फट्' होऊन जाई. थंड तारेचा विरोध कमी असतो, म्हणून पहिल्या क्षणी तिच्यातून विजेचा लोंढा जातो. शिवाय तापताना धातू प्रसरण पावतो, निवताना आकसतो, आणि या ताणाताणीत दुबळी जागा तुटते. एनिअ‍ॅकवाल्यांनी यावर सरळ उपाय केला. यंत्र शक्यतो बंदच करायचे नाही! मग सरासरी दोन दिवसांत एखादाच व्हॉल्व्ह जाऊ लागला, आणि १९५४ साली ते यंत्र सलग ११६ तास बिनतक्रार चालले. यंत्राची खरी कसोटी चालण्यात नसून उठण्यात आहे, हे मला वाटते तेथेच प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले.

दुसरी गोष्ट ९ सप्टेंबर १९४७ ची. हार्वर्ड विद्यापीठाच्या 'मार्क दोन' या यंत्रात एका रिलेमध्ये एक पतंग अडकलेला सापडला. तो काढून कामाच्या वहीत चिकटपट्टीने चिकटविला गेला. संगणकाच्या दोषाला 'किडा' म्हणण्याची चाल यावरून पडली असे सांगतात, ते काही खरे नव्हे. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो शब्द या अर्थाने आहे. मला त्या पतंगापेक्षा वहीचे अप्रूप वाटते. दोष केव्हा सापडला आणि कोठे, हे तेथे वेळेसह लिहिलेले आहे.

आपल्या मुंबईतही ही विद्या फार मागे नव्हती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी आपल्या हातांनी एक संगणक बांधला आणि तो १९६० साली चालू केला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्याच्या स्मृतीत ४० अंशांचे २०४८ शब्द मावत. ती स्मृती लोहमिश्रित बारीक कड्यांची होती, आणि अशा कड्यांचा गुण असा की वीज गेली तरी लिहिलेले पुसत नाही. ज्यांनी यंत्र बांधले तेच ते दुरुस्त करीत. त्यामुळे काका आणि दुकानदार हा भेदच तेथे नव्हता.

पुढे कड्यांची जागा सिलिकनच्या स्मृतीने घेतली. ती स्वस्त आणि चपळ, पण वीज गेली की कोरी. तेव्हा रोज सकाळी संगणकाला आपण कोण आहोत येथपासून आठवावे लागते! म्हणून पहिल्या काही आज्ञा एका कायम स्मृतीत कोरून ठेवतात. त्या उठून पुढच्यांना उठवितात. आपल्याच बुटाच्या नाड्या धरून स्वतःला वर उचलण्याची एक थट्टा इंग्रजीत आहे. 'बूट होणे' हा शब्दप्रयोग तिच्यावरून आला.

हा क्रम नीट समजून घेतला पाहिजे, कारण निदान त्यावरच उभे आहे. प्रथम वीज स्थिर होते आणि ती स्थिर झाल्याचा इशारा मिळेपर्यंत प्रक्रियकाला थोपवून धरलेले असते. मग कायम स्मृतीतल्या आज्ञा जागून स्मृती, कळफलक, पडदा यांची हजेरी घेतात. नंतर चकती सापडते आणि शेवटी विंडोजसारखी प्रणाली तिच्यावरून उचलली जाते. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आलेला आय.बी.एम.चा घरगुती संगणक या हजेरीअखेर एकदा 'टिक्' असा आवाज करी, म्हणजे सर्व ठीक. काही बिघाड असेल तर आवाजांची संख्या आणि लांबी बदले. १९८४ च्या पुढील नमुन्यात घड्याळ आणि मांडणी लक्षात ठेवण्यासाठी एक छोटी बॅटरी आली.

लॅपटॉप पातळ होत गेला, तसतसे त्याचे हे बोलणे कमी झाले. कित्येक यंत्रांत आवाज नाहीच. फार तर एखादी बत्ती ठराविक वेळा उघडझाप करते, आणि ती मोजावी हे घरात कोणाला ठाऊक नसते. यंत्राने साक्ष देणे सोडले, तेव्हा साक्षीदाराचे काम मालकावर आले. ही गोष्ट विकणाऱ्यांनी गिऱ्हाइकाला सांगितली नाही, याचा मला राग आहे.

तर वरव्याच्या त्या घरात काय करावे? यंत्र ज्या दिवशी सुरू होईल त्या दिवशी पहिल्याप्रथम महत्त्वाचे कागद दुसरीकडे उतरून घ्यावेत, तपास त्यानंतर. मग एक साधी वही घालावी. तारीख, वेळ, रात्रभर बंद होते की आत्ताच चालत होते, चार्जर लावलेला होता की नाही, बत्ती कशी लागली, पडद्यावर बनविणाऱ्याचे नाव उमटले की नाही. हे शेवटचे फार मोलाचे आहे. नाव उमटून मग यंत्र अडले, तर वीज, प्रक्रियक आणि स्मृती यांनी बहुधा आपले काम केले आहे. दोष चकतीत किंवा प्रणालीत शोधावा. नाव उमटलेच नाही तर त्याच्या अलीकडे.

पंधरा दिवसांची वही बोलू लागते. केवळ चार्जरवरच हटते, तर चार्जर किंवा त्याची सैल खोबण. तारीख सारखी मागे जाते, तर ती छोटी बॅटरी. रात्री 'बंद करा' म्हटल्यावर सकाळी अडते, पण 'पुन्हा सुरू करा' म्हटले की कधीच अडत नाही, तर एक गंमत ध्यानात घ्यावी. २०१२ च्या विंडोज ८ पासून, ती सोय चालू असल्यास, 'बंद करा' म्हटले तरी यंत्र पुरते बंद होत नाही. प्रणालीचा गाभा चकतीवर जसाच्या तसा लिहून ठेवतात आणि सकाळी तोच उचलतात. त्यात काही बिघडले असेल तर बिघाडही रोज ताजा उठतो. ही सोय बंद करून पाहण्यास पैसा लागत नाही. चार्जर काढून बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाते. त्यालाही काही लागत नाही. पाठ उघडून स्मृतीची पट्टी काढून पुन्हा बसविणे मात्र जाणत्याच्या हाताने व्हावे.

राहिला तो सर्वांत चकवा देणारा प्रकार, जो गरम-थंडीबरोबर येतो आणि जातो. जुलै २००८ मध्ये एनव्हिडिया या कंपनीने जाहीर केले की, तिच्या लॅपटॉपसाठीच्या काही चित्रचिप्समध्ये वापरलेले साहित्य दुबळे निघाले असून त्या नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात नादुरुस्त होत आहेत. त्यासाठी तिने १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद केली. चिप तापे, निवे आणि तिच्या पोटातले बारीक डाग तडकत. तडकलेला डाग कधी टेकतो, कधी सुटतो. म्हणून यंत्र कधी उठे आणि कधी नाही. एनिअ‍ॅकच्या व्हॉल्व्हचीच ही गोष्ट, फक्त केसाहून बारीक जागेत घडलेली. १ जुलै २००६ पासून युरोपने शिसेविरहित डाग सक्तीचे केले, त्यावरच सगळे खापर फोडण्याची कारागिरांत चाल आहे. ती मला घाईची वाटते. २००८ च्या प्रकरणात कंपनीने नाव घेतले ते चिपच्या बांधणीतल्या साहित्याचे.

अशा दोषात यंत्र पिशवीत पुण्यापर्यंत हलत, कोमट होत जाते आणि दुकानात उठते, यात नवल नाही. तेव्हा ते दुकानात रात्रभर बंद ठेवून सकाळी पहिल्या बटणाला पाहावे, असे वही दाखवून सांगावे; आणि पडदा काळा राहिला तर दुसरा पडदा जोडून चित्र तेथे येते का, हे त्याच क्षणी बघावयास लावावे.